खरवडलेल्या जागा

स्टुडिओच्या मागच्या खोलीत खिडकीसमोर तिरक्या काचेचं एक लाकडी मेज आहे. काच दुधी आहे आणि तिच्याखाली आरसा बसवलेला आहे. खिडकीतला उजेड आरशावर पडून खालून वर येतो आणि काचेवर ठेवलेली निगेटिव्ह उजळून निघते. या मेजापाशी एक बाई एकतीस वर्षं बसली. लोकांचे चेहरे नीट करणं हे तिचं काम. देवीचे व्रण, डोळ्यांखालची वर्तुळं, कपाळावरच्या आठ्या, सगळं तिच्या हाताखाली जाई. स्टुडिओ तिच्या नवऱ्याचा. फोटो तो काढी, पण गिऱ्हाइकं येत ती तिच्या हातासाठी. कुणीतरी गमतीने तिला इस्त्रीबाई म्हटलं आणि ते नाव चिकटलं. "चुरगळलेला चेहरा आणा, कडक घडी घालून न्या म्हणते आमची," असं नवरा दारात उभा राहून सांगायचा.

हत्यारं दोनच. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं दिसतं. चेहऱ्यावरचा काळा डाग तिथे फिका असतो, तो टोकदार पेन्सिलीने भरायचा. पांढरा डाग तिथे काळा आणि दाट असतो, तो सुरीने खरवडायचा. सुरी म्हणजे घड्याळाच्या स्प्रिंगचा तुकडा, घासून धार लावलेला आणि लाकडी मुठीत बसवलेला. फिल्मवरचा थर केसाहून पातळ, त्यातला अर्धा काढायचा आणि अर्धा ठेवायचा. पेन्सिल पुसता येते. खरवडलेलं परत येत नाही. म्हणून नवशिक्याच्या हाती वर्ष-दोन वर्षं सुरी देत नाहीत. इस्त्रीबाईच्या हाती ती तिसऱ्या महिन्यात आली होती.

तिची धाकटी बहीण बुटांचे तळ चिकटवायचा गोंद आणि रबरी हातमोजे बनवणाऱ्या कारखान्यात होती. कारखान्याचा नियम असा की ओळखपत्र दरवर्षी नवं आणि त्यावर फोटोही नवा. फोटोंचं काम या स्टुडिओकडे होतं. वर्षातून एका सुट्टीच्या दिवशी शंभरेक बायका रांग लावायच्या, पडद्यासमोरच्या स्टुलावर एकेक जण बसायची, नवरा "हनुवटी खाली" म्हणायचा आणि पुढची यायची. तिसऱ्या वर्षी रांगेतून उठून धाकटी मागच्या खोलीत आली. तिच्या ओठांच्या कोपऱ्याशी तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका होता.

"ताई, हे एवढं काढून टाक."

"कशाने झालं?"

"कोण जाणे. मुकादम विचारत होता, पसरणारं आहे का म्हणून. कार्डावर दिसलं तर घरी बसवतील."

इस्त्रीबाईने तो दाणा काढला. चार मिनिटांचं काम. पुढच्या वर्षी आणखी तिघी जणी मागच्या खोलीत आल्या. त्याच्या पुढच्या वर्षी आठ. "इस्त्रीबाई, माझी घडी जरा जास्तच चुरगळलीय हो," असं म्हणत हसत यायच्या आणि बोट ठेवून जागा दाखवायच्या. ओठाभोवती, पापणीवर, हनुवटीखाली. बोटंही पांढरी पडत होती, पण ओळखपत्राच्या फोटोत हात येत नाहीत. नवव्या वर्षापर्यंत अशा सतरा जणी झाल्या. सतराही जणींच्या जागा साधारण त्याच होत्या, हे ज्या एका माणसाला दिसू शकलं असतं ते या मेजापाशी बसलेलं होतं. पण काचेवर एका वेळी एकच चेहरा मावतो.

नवव्या वर्षाच्या अखेरीस कारखान्याने सतराही जणींना एकदमच कामावरून कमी केलं. कारण लिहिलं होतं "काम घटलं."

धाकटीचे डाग पुढे गळ्यावर उतरले. मुलीच्या लग्नात ती जाड पावडर लावून उभी राहिली. दीड वर्षाने मुलीला मुलगी झाली, आणि बाळंतपणाला आलेल्या मुलीला सासरहून न्यायला कुणी आलं नाही. सासूने निरोप पाठवला तो सरळ होता. आईच्या अंगावर आहे ते रक्तातलं आहे, आज ना उद्या लेकीच्या आणि नातीच्या अंगावर येईल. रक्तातलं नाही असं लेखी आणा, मग बघू.

धाकटी लेखी आणायला डॉक्टरकडे गेली. डॉक्टर म्हणाले, गोंदातल्या रसायनाने असे डाग पडतात, पण तुझे डाग कामावर असताना पडले की नंतर, हे मला कसं कळणार. कागदावर त्यांनी लिहिलं, "कारण निश्चित सांगता येत नाही." सासरच्यांनी तो कागद वाचून परत पाठवला. तेव्हा सतरा जणींनी मिळून कामगार न्यायालयात अर्ज केला. इतर जणींना भरपाई, औषधाचा खर्च असं काय काय हवं होतं. धाकटीला एक ओळ हवी होती, न्यायालयाच्या शिक्क्याखाली: हे डाग कामामुळे पडले.

याच सुमाराला गावात एक फोटोवाली आली. पन्नाशीची बाई, दोन कॅमेरे गळ्यात, बूट मळलेले. कामाने ज्यांची शरीरं खाल्ली अशा माणसांचे फोटो ती वीसेक वर्षं देशोदेशी फिरून काढत होती. खाणीतल्यांची फुप्फुसं दिसत नाहीत म्हणून खोकून डागाळलेल्या त्यांच्या उशा, कातडी कमावणाऱ्यांची नखं, रंगाच्या कुंडात उभं राहणाऱ्यांचे पाय. हे फोटो ती प्रदर्शनांत लावायची आणि मागितले तर वकिलांनाही द्यायची. सतराही जणींचे चेहरे आणि हात तिने खिडकीच्या उजेडात, साध्या भिंतीसमोर काढले होते. मग एका दुपारी ती स्टुडिओत आली आणि पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढून काउंटरवर ठेवला.

"कंपनीने न्यायालयात दिलेत हे. नऊ वर्षांची ओळखपत्रं," ती म्हणाली. "माझ्या फोटोंना ते नाही म्हणत नाहीत. म्हणतात, आज डाग आहेत, मान्य. पण नवव्या वर्षापर्यंत तोंडं स्वच्छ होती, म्हणजे कारखाना सोडल्यावर झालं. मावशी, तुम्ही या बायकांना दरवर्षी बघत होतात. तेव्हा खरंच काही नव्हतं?"

इस्त्रीबाईने पहिला कागद उचलला. धाकटीचा पाचव्या वर्षीचा चेहरा. ओठांची कड इतकी सफाईने उतरली होती की तिचं तिलाच क्षणभर बरं वाटलं.

नवरा मध्येच बोलला. "समोर जे होतं ते फोटोत आलं."

"नाही आलं," इस्त्रीबाई म्हणाली.

त्या संध्याकाळी नवरा-बायकोचं वाजलं. "न्यायालयात उभी राहून आपलेच फोटो खोटे म्हणशील?" नवरा म्हणाला. "उद्या या पायरीवर कुत्रंसुद्धा बसायला यायचं नाही."

"खोटे नाहीत. नीट केलेले आहेत."

"मग तो फरक न्यायाधीशाला समजावून सांग. मला एकतीस वर्षांत समजला नाही."

तरीही सकाळी शिडी लावून माळ्यावरचे पत्र्याचे डबे त्यानेच खाली काढले. वर्षावार, पाकिटावर त्याच्या हस्ताक्षरात तारीख आणि कामगाराचा क्रमांक. अर्ध्या पोस्टकार्डाएवढ्या निगेटिव्ह, एकाही पाकिटाला वाळवी लागलेली नव्हती. धाकटीही आली होती. फोटोवालीने एकेक निगेटिव्ह उजेडात धरून पाहिली आणि मान हलवली. स्वच्छ चेहरे. उलटे, पण स्वच्छ.

"अशी नका धरू," इस्त्रीबाई म्हणाली. तिने निगेटिव्ह घेऊन खिडकीशी नेली, डोळ्यांच्या पातळीवर आडवी केली आणि उजेड पृष्ठभागावरून घसरेल इतकी कलती केली. फिल्मला सगळीकडे एकसारखी चकाकी होती. फक्त ओठांच्या कोपऱ्याशी तांदळाच्या दाण्याएवढी जागा मळकट दिसत होती. सुरी जिथे फिरते तिथली चकाकी जाते आणि परत येत नाही.

त्यांनी धाकटीच्या निगेटिव्ह ओळीने मांडल्या. पहिली दोन वर्षं कोरी. तिसऱ्या वर्षी दाणा, चौथ्या वर्षी वालाएवढी जागा, सहाव्या वर्षी वरच्या ओठावर पट्टा, आठव्या वर्षी पापणी, नवव्या वर्षी तोंडाभोवती पानाच्या आकाराचं कडं. इस्त्रीबाईने डागाच्या कडेबाहेर कधी सुरी नेली नव्हती. त्यामुळे डाग जसा होता तशीच खरवड होती.

 फोटोवालीने तिपाई उभी केली आणि बाजूने उजेड पाडून एकेका निगेटिव्हचा फोटो घेतला. सतरा जणींच्या सगळ्या मिळून शंभराहून जास्त. त्यात दोन दिवस गेले.

"म्हणजे काढलेलं सगळं तू जपून ठेवलंस की, ताई," धाकटी म्हणाली. कित्येक महिन्यांनी ती हसली होती. तिने लेकीला सांगितलं, बॅग भरायला हरकत नाही.

सुनावणीला इस्त्रीबाई इस्त्रीचे कपडे घालून गेली, त्यावरून बायकांनी तिला चिडवलं. साक्षीत तिने मेज, पेन्सिल, सुरी सगळं नीट सांगितलं. न्यायाधीशांनी स्वतः खिडकीशी जाऊन निगेटिव्ह कलती करून पाहिली. बायकांचे वकील खाली बसले तेव्हा समाधानी दिसत होते.

कंपनीचे वकील उठले. हळू आवाजाचा, अदबशीर माणूस. आवाज त्यांनी शेवटपर्यंत चढवला नाही.

"बाई, अर्जदारांपैकी एक आपली सख्खी बहीण आहे?"

"हो."

"निगेटिव्ह इतकी वर्षं कुठे होत्या?"

"आमच्या माळ्यावर."

"आणि सुरी?"

"माझ्या मेजावर."

"म्हणजे ही खरवड तेव्हाची आहे की मागच्या महिन्यातली, हे फक्त आपण सांगता म्हणून मानायचं."

या प्रश्नाची तयारी इस्त्रीबाईने केली होती. ती म्हणाली, "नाही साहेब. स्वच्छ चेहऱ्यावर आज खरवडलं तर थर पातळ होईल आणि छापल्यावर तिथे काळा डाग येईल. या निगेटिव्ह आज छापून बघा. डाग येणार नाही. म्हणजे तिथे आधी पांढरं होतं, म्हणूनच खरवडल्यावर सारखं झालं."

न्यायाधीशांनी हे लिहून घेतलं. बायकांच्या वकिलांनी खुर्चीतच पाय लांब केले. कंपनीच्या वकिलांनी मान डोलावली, जणू त्यांनाही ते पटलं.

"आणि चुकून जास्त खरवडलं गेलं तर? तेव्हा आपण काय करता?"

"पेन्सिलीने भरून घेते."

"म्हणजे छापल्यावर कळत नाही."

"नीट भरलं तर नाही कळत."

"या खरवडलेल्या निगेटिव्हवर पेन्सिल आहे?"

"आहे. खरवडल्यावर शेवटचा हात पेन्सिलीचाच असतो. नाहीतर कड दिसते."

बायकांच्या वकिलांनी उठून विचारलं की पेन्सिल धुऊन टाकली तर खरं काय ते कळेल का. इस्त्रीबाईने खरं तेच सांगितलं. नाही कळणार. पेन्सिल काढली की काही ठिकाणी काळं येईल आणि काही ठिकाणी नाही, आणि तेव्हाही सुरी जास्त लागली असेल तिथे काळंच येणार.

मग कंपनीच्या वकिलांनी पाकिटातून एक निगेटिव्ह काढली. कुणा बाईचा चेहरा, तरुण, कुठेही डाग नसलेला. दुसऱ्या एका स्टुडिओतून आणलेली. "आपली हत्यारं आपण सोबत आणलीच आहेत. या चेहऱ्यावर ओठाशी तशीच खरवड करून दाखवाल? आणि मग पेन्सिलीने भराल? न्यायालयाची हरकत नसेल तर."

बायकांच्या वकिलांनी हरकत घेतली, पण न्यायाधीशांना पाहायचं होतं. खिडकीशी टेबल ओढलं गेलं, त्यावर एक काच कलती ठेवून तिच्याखाली कारकुनाच्या घरचा हातआरसा ठेवला. इस्त्रीबाई बसली.

पहिल्या रेघेलाच तिला कळलं की इथे काय करायला हवं आहे. हात किंचित जोरात पडला पाहिजे. कड फाटली पाहिजे. पेन्सिल थोडी जाड लागली पाहिजे, म्हणजे छापल्यावर कळेल, एवढंच. मागे बाकांवर सतरा जणी बसल्या होत्या. तिने डोळ्याला भिंग लावलं. भिंगात चेहरा आला, आणि चेहरा आल्यावर बाकी कुणी राहिलं नाही. सुरी फिरली. पानाच्या आकाराचं कडं, ओठाभोवती, कडेबाहेर कुठेही न गेलेलं. मग पेन्सिल, स्वल्पविरामाएवढ्या बारीक रेघांनी, एकावर एक. अकरा मिनिटं लागली.

निगेटिव्ह कलती करून पाहिली तर मळकट कडं स्पष्ट दिसत होतं. न्यायालयाच्या माणसाने ती तिसऱ्याच स्टुडिओत नेऊन छापून आणली. पुढच्या तारखेला फोटो न्यायाधीशांपुढे ठेवला गेला. तरुण बाई, स्वच्छ चेहरा. कुठेही काही नाही.

"माझे प्रश्न संपले," कंपनीचे वकील म्हणाले. बाहेर जिन्यावर त्यांनी इस्त्रीबाईला गाठलं. त्यांच्या आईचा एक जुना फोटो ओल लागून खराब झाला होता, अजून कामं घेता का, असं त्यांनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता. इस्त्रीबाईने सवयीने स्टुडिओचा पत्ता सांगितला आणि दोन पायऱ्या उतरल्यावर तिचे पाय थांबले.

निकाल सहा आठवड्यांनी आला. निगेटिव्हवरच्या खुणा केव्हाच्या हे सिद्ध होत नाही. साक्षीदार कुशल आहे आणि अर्जदाराची नातलग आहे. कार्डांवरचे फोटो साक्षीदाराच्याच म्हणण्याप्रमाणे बदललेले, म्हणून तेही बाजूला. डाग केव्हा पडले याचा पुरावा दोन्ही बाजूंकडे नाही, आणि सिद्ध करण्याचा भार अर्जदारांवर आहे. शेवटून दुसऱ्या परिच्छेदात डॉक्टरांचंच वाक्य होतं, आता शिक्क्याखाली: कारण निश्चित सांगता येत नाही.

बायकांचे वकील वरच्या न्यायालयात जाऊ म्हणाले. सतरापैकी पाच जणींनी सही केली. बाकीच्यांनी बघू म्हटलं. धाकटीने तेही म्हटलं नाही. फोटोवाली जायच्या आधी भेटायला आली. तिचे ते फोटो, बाजूच्या उजेडातल्या निगेटिव्हचे, दूरच्या एका शहरात मोठे करून लावले जाणार होते. लोक बघतील, ती म्हणाली. "बघू देत," नवरा म्हणाला. "इथे बघून झालं."

निकालानंतर चार दिवसांनी धाकटी मागच्या खोलीत आली आणि उभीच राहिली.

"एवढं चांगलं कशाला केलंस, ताई? हात जरा हलू द्यायचा होतास."

इस्त्रीबाईने सुरीचं टोक फडक्याने पुसलं.

"सुचलंच नाही का तुला?"

"सुचलं होतं."

"मग?"

"नाही हलला."

धाकटीने मेजाकडे पाहिलं. मग पदराने तोंड पुसल्यासारखं केलं आणि निघून गेली. त्यानंतर पाच महिने ती बहिणीकडे फिरकली नाही. सासरहून मुलीचं सामान आलं, दोन खोक्यांत, बाळाच्या पाळण्यासकट. आणणाऱ्याने पाणीसुद्धा घेतलं नाही. हे सगळं इस्त्रीबाईला शेजारणीकडून कळलं.

सहाव्या महिन्यात भाची आली. बाळ आईपाशी ठेवून आली होती.

"मावशी, ओळखपत्राला फोटो हवेत. दोन."

"कसलं ओळखपत्र?"

"कामाला लागतेय. हमरस्त्यावर नवा कारखाना निघालाय ना."

"कसला कारखाना?"

भाचीने खांद्यावरची पर्स सरळ केली. "गोंदाचा. म्हणजे हातमोजेही आहेत. बायकाच घेतात. आईला सांगितलंय. ती म्हणाली, दुसरं काय आहे."

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. या भागात तरण्या बाईला, तान्हं मूल घरी ठेवून, दुसरं काय काम मिळतं याचा विचार दोघांनीही करून पाहिला असावा. नवऱ्याने पडदा सरळ केला. भाची स्टुलावर बसली. हनुवटी खाली. दिवा पेटला, विझला. चेहरा आईचाच होता, पंचवीस वर्षं मागचा. कुठेही काही नाही.

"झालं?" ती उठू लागली.

"बस," इस्त्रीबाई म्हणाली. तिने काउंटरवरचं त्या दिवसाचं वर्तमानपत्र आणलं, तारीख वर येईल असं दुमडलं आणि भाचीच्या हातात दिलं. "छातीशी धर. बोटं पुढे राहू देत. सगळी दिसली पाहिजेत."

"मावशी, मी काय कैदी आहे?"

"धर म्हटलं ना."

दुसरा फोटो निघाला. इस्त्रीबाईने वहीत तारीख लिहिली, खाली सही केली, नवऱ्याला करायला लावली आणि मग रस्ता ओलांडून औषधाच्या दुकानदाराला बोलावून आणलं, त्याचीही घेतली. तो नात्यातला नव्हता. कशाबद्दल, हे त्याने विचारलं आणि तिने सांगितलं. त्याने पेन परत दिलं आणि मुलीकडे न बघता गेला.

"ही निगेटिव्ह त्याच्याकडेच ठेवायची, मोहोर लावून," ती नवऱ्याला म्हणाली. "माझ्या हाताशी नको."

भाचीला घाई होती, बाळ उठायची वेळ झाली होती. दारात तिने विचारलं, "फोटो कधी मिळतील?"

"परवा. आणि पुढच्या महिन्यात याच तारखेला ये."

"पुढच्या महिन्यात कशाला? कार्ड वर्षाचं असतं."

"ये तू," इस्त्रीबाई म्हणाली. "दर महिन्याला ये."